चार नंबरची वाट

पडद्यावर ‘वाट पाहत आहे’ अशी ओळ दिसली, की आजही मी खुर्चीवरून उठून बाहेर जातो. बायको म्हणते, एवढं काय, येईल की थोड्या वेळानं. तिला काय सांगू, कप्पाळ.

नव्वदच्या दशकात मी धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात शिकवायचो. एका कचेरीनं काढून टाकलेली चार मोठी मशीनं आम्हाला मिळाली होती, प्रत्येकात दोन-दोन प्रोसेसर. ती केबलनं जोडून चारांचा एकच कॉम्प्युटर करायचा, हे खूळ माझं आणि लॅबमधल्या नानांचं. नाना पिंपळनेरचे, वयानं माझ्याहून बरेच मोठे. पांझरेकाठच्या विहिरींचं पाणी कसं उतरतं, त्या गणिताचे आम्ही चार तुकडे केले. तीन मशीनं नाना सांभाळायचे, चार नंबरचं माझं.

दर फेरीला चौघांनी आपापले आकडे एकमेकांना द्यायचे, मगच पुढची फेरी. एखादं अडकलं तर बाकीची खोळंबणार. मी म्हणायचो, वेळेची मर्यादा टाकू. नाना हसायचे. “शेवटलानं जेवन झाल्याबिगर पंगतमाईन कोनी उठस का?”

विद्यापीठाची मंडळी दोन दिवसांनी बघायला यायची होती. त्या दुपारी चार नंबरच्या केबलचं टोक निसटलं. तिन्ही मशीनं ताटकळली. “तासाभरात बसवून आणतो,” म्हणून मी केबल पिशवीत टाकली आणि निघालो. बाजारात घरचे भेटले, फैजपूरहून जीप घेऊन आलेले. चल, घरी पाहुणे आहेत, सकाळी परत ये, म्हणाले. बसलो जीपमध्ये. नानांना निरोप धाडायचंही सुचलं नाही. मूर्खपणा, दुसरं काय?

इकडे माझ्या पाठीमागे नानांना गावाहून निरोप आला, माय शेवटच्या घटका मोजतेय, लगेच निघा. चारची बस होती. हे मला शिपायानं नंतर सांगितलं. नाना त्याला म्हणत होते, तो येतोच आहे, केबल लावून गणित सुरू करून देतो आणि निघतो. चारची बस गेली, पाचची गेली. सहाला ते निघाले. पोचले तेव्हा माय गेलेली होती.

सकाळी मी केबल घेऊन आलो. खोलीत कुणी नव्हतं. पडद्यावर तीच ओळ होती, चार नंबरची वाट पाहत आहे.

तेराव्यानंतर नाना कामावर आले. माझं चुकलं, म्हणालो. “ऱ्हाऊ दे भाऊ,” म्हणाले आणि चहा मागवला. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते निवृत्त होईपर्यंत आम्ही शेजारी बसून काम केलं, आणि तो विषय परत निघाला नाही.

ते निवृत्त झाल्यावर एकदा प्रोग्रॅम उघडला. नानांनी त्यात कधीतरी मर्यादा टाकली होती. दहा मिनिटांत आला नाही, तर त्याला सोडून पुढे जायचं. ती फक्त चार नंबरला होती. बाकीच्या तिघांसाठी अजूनही कितीही वेळ थांबायचं होतं.