वनमालाबाई बॉक्सिंगला जातात

पन्नाशीला आलेली बाई सकाळी साडेपाचला सलवार-कुडता नि पायात लेकीचे जुने बूट घालून रायपूरच्या तात्यापाऱ्यातून सदर बाजाराकडे चालू लागली, तर लोक विचारणारच. शेजारच्या कांताबाईंनी पहिल्याच दिवशी फाटकाशी गाठलं. "काहून वो, इतक्या सकाळी कुठी चालल्या?" वनमालाबाईंनी खरं तेच सांगितलं, "बॉक्सिंग शिकून राहिली." कांताबाईंना ती थट्टा वाटली. थट्टा नाही हे कळल्यावर त्यांनी आठ दिवस ते साऱ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, ऐकवलं. ऐकवू देत बापड्या, दुसऱ्याच्या घरचं बोलायला मिळालं की त्यांची सकाळ बरी जाते.

विचारणाऱ्याला वनमालाबाई साखरेचं कारण सांगत. डॉक्टरांनी घाम निघेल असं काहीतरी करा म्हटलं होतं, तेही खोटं नव्हतं. पण घाम काय, बुढातलावाला चार फेऱ्या मारूनही निघाला असता. खरं कारण श्रावणी होती. त्यांची एकुलती एक लेक तेवीस वर्षांची, औषधांच्या एका कंपनीत नोकरीला. रोज सकाळी पोत्याला ठोसे मारायला जायची आणि घरी आल्यावर आईशी कामापुरतंच बोलायची. तेही हिंदीत. आईच्या मराठीला हिंदीत उत्तर देणारी पोरं रायपुरात घरोघरी आहेत, त्याचं कुणाला काही वाटत नाही. वनमालाबाईंना वाटायचं, कारण बाप होता तोवर ही पोरगी दिवसभर मराठीत बडबडायची. म्हणून त्यांनी ठरवलं, घरात नाही तर नाही, तिथे तरी रोज एक तास तिच्याजवळ राहू.

काय झालं होतं ते इथेच सांगून टाकतो, लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. श्रीपाद रेल्वेत होते. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात सकाळी त्यांच्या छातीत कळ आली आणि संध्याकाळी दवाखान्यातच त्यांनी प्राण सोडला. श्रावणी तेव्हा नागपूरला होस्टेलमध्ये होती, दुसऱ्या दिवशी तिचा शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर. दवाखान्याच्या पायरीवर दीर यज्ञेश्वरराव म्हणाले, "वहिनी, पोट्टीले आत्ताच सांगू नका. वर्ष वाया जाईन तिचं." आपल्याकडे हे नेहमीचंच. परीक्षा असली की घरातलं मरणसुद्धा थांबवून ठेवायचं, आणि यालाच आपण शहाणपण म्हणतो. वनमालाबाईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला अग्नी दिला, दुपारी एकला पेपर सुटल्यावर फोन केला.

रात्री श्रावणी आली ती दारातच कोसळली. "काहून नाही सांगितलं मले? काहून?" बैठकीत पंधरा-वीस माणसं होती. सगळे आपल्याकडे बघताहेत हे वनमालाबाईंना दिसलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या बाबांनीच सांगितलं होतं व बाई. पेपर होऊ दे म्हणाले पोरीचा."

श्रीपाद असं काही म्हणाले नव्हते. पण बोललेलं वाक्य परत घेता येईना. लोकांनी ते उचललं, शोकसभेत यज्ञेश्वररावांनी भावाच्या त्यागावर दहा मिनिटं भाषण केलं आणि अर्धी सभा डोळे पुसत होती. श्रावणी मात्र ते ऐकल्यापासून गप्प झाली ती झालीच. वनमालाबाईंना वाटलं, खोटं ओळखलं हिने, राग आपल्यावरच आहे. तसा तो असणंच रास्त होतं.

तर क्लास. कापडाच्या गोदामावरच्या माडीवर तो भरायचा. शिकवणारे डोमार सर धमतरीकडचे, ठेंगणे, नाक एकदा मोडून वाकडं बसलेलं. दहा-बारा जण यायचे, बहुतेक पोटं कमी करायला आलेले. सर वनमालाबाईंना दीदी म्हणायचे आणि जराही सूट द्यायचे नाहीत. पहिला आठवडा नुसतं उभं राहणं झालं. डावा पाय पुढे, हनुवटी आत, दोन्ही मुठी गालाशी. हाताला लांबलचक पट्टी गुंडाळायची, त्यावर ग्लव्ज. डावा हात त्या कसाबसा बांधत, पण उजव्याची पट्टी डाव्या हाताने जमेना. तेव्हा श्रावणी न बोलता यायची, आईचं मनगट धरून वळसे घालायची, बोटांमधून पट्टी ओढून घट्ट करायची आणि निघून जायची. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांसाठी वनमालाबाई उजव्या हाताची पट्टी सहा महिने शिकल्या नाहीत.

त्यांचं एक काही केल्या सुधारेना. ठोसा मारताना डोळे मिटायच्या. समोरून आला तरी मिटायच्या, आपण मारला तरी मिटायच्या. "दीदी, मार तो पड़ही," सर आपल्या छत्तीसगढी-हिंदीत समजावायचे, "फेर आँख काबर मूँदथव? देखो तो सही, कौन मार रहा है." मार बसणारच, मग डोळे कशाला मिटायचे, हे वनमालाबाईंना पटे; त्या हव म्हणायच्या आणि पुन्हा मिटायच्या.

त्या मंत्रालयात नोकरीला होत्या; आंघोळ आटोपून साडेआठची स्टाफ बस धरत. मंत्रालय नव्या रायपुरात गेल्यापासून रोजचा पाऊण तासाचा प्रवास. शहर मागे पडलं की रुंद, रिकामे रस्ते लागत, बसमध्ये अर्धे जण झोपत. त्या वेळात वनमालाबाई एक वाक्य मनात घोळवत. 'श्रावणी, मी खोटं बोलली होती.' एवढंच. सचिवांच्या टेबलावर जाणाऱ्या टिपणातली चूक त्या न भिता दाखवून देत, हे वाक्य मात्र संध्याकाळी घराच्या दाराशी आलं की आत जाईना. सांगितलं तर जी हाताला पट्टी बांधते तीही उद्या उठून निघून जाईल, ही भीती. भित्र्या होत्या, असं म्हणायला हरकत नाही. त्या स्वतःही तेच म्हणत.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी जोडीचा सराव होता. वनमालाबाईंची नेहमीची जोडीदार सोनिया आली नव्हती, म्हणून सरांनी श्रावणीला समोर उभं केलं. एकीने डावा ठोसा द्यायचा, दुसरीने अडवायचा, मग उलट. हलक्या हाताने, सरांच्या मोजणीवर. आई-लेक इतका वेळ एकमेकींकडे तोंड करून दोन वर्षांत उभ्या राहिल्या नव्हत्या. श्रावणी आईच्या डोळ्यांत न बघता कपाळाकडे बघत होती.

"एक!" श्रावणी पुढे सरकली आणि तिचा बूट आईच्या पावलावर पडला.

आता मोठ्या माणसाला पाय लागला की काय करायचं, हे श्रीपादांनी तिला बोबडं बोलायच्या वयातच शिकवलेलं. अशा वेळी अंग आपोआप वाकतं, आपण कुठे उभे आहोत ते विचारत नाही. श्रावणीने दोन्ही हात खाली घेतले, वाकली, ग्लव्जने आईच्या पायाला शिवली आणि हात कपाळाला लावत वर आली. तेवढ्यात सर म्हणाले, "दो!" वनमालाबाईंचे डोळे मिटलेले होते. आपली पाळी आली एवढंच त्यांना ऐकू आलं, आणि सहा महिन्यांत शिकलेलं सगळं बळ लावून त्यांनी मारलं.

बरोबर नाकावर बसला. डोमार सरांनी कितीतरी पोरं घडवली, पण ऐन सरावात पाया पडणारी पोरगी पाहिली नव्हती. ते धावत आले, नाक चाचपून पाहिलं, मोडलं नाही म्हणाले. रक्त मात्र बरंच होतं. त्यांनी बर्फाची पिशवी आणून दिली, दोघींना कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं आणि बाकीच्यांना दोरीच्या उड्या मारायला लावलं.

ग्लव्जमधूनच वनमालाबाईंनी बर्फ लेकीच्या नाकाशी धरला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "चुकलं व बाई."

"ठीक है, आई. जानबूझकर थोड़ी मारा."

"नाकाचं नाही बोलून राहिली मी."

श्रावणीने पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे पाहिलं. आता आपण गप्प बसलो तर जन्मात बोलणार नाही, हे वनमालाबाईंना कळत होतं. मग जे काही महिन्यांपासून बसमध्ये घोळत होतं ते एका दमात बाहेर आलं.

"तुझ्या बाबांनी पेपरचं नावच नव्हतं काढलं. मी खोटं बोलली होती. सकाळी दवाखान्यात चांगले शुद्धीवर होते. म्हणाले, श्रावणीले बोलाव. मी म्हटलं, हव, लावते फोन. नाही लावला. वाटलं, बरे होतीन, काहून उगाच पोरीचा पेपर बुडवा. दुपारी पुन्हा विचारलं, निघाली का व ते? मी म्हटलं, निघाली, गाडीत बसली."

माडीवर दोऱ्यांचा आवाज चालू होता. श्रावणीने बर्फ बाजूला केला.

"मतलब बाबा को लगा मैं आ रही हूँ?"

"हव."

"उन्होंने मुझे बुलाया था?"

"बोलावलं होतं. मीच नाही बोलावलं तुले."

वनमालाबाई वाट पाहत राहिल्या. शिव्या देईल, उठून जाईल, काहीही करेल, सगळ्याला त्या तयार होत्या. पण श्रावणी बोलली ते त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मैं तुमसे गुस्सा नहीं थी, आई. मैं बाबा से गुस्सा थी. दो साल से. कि मरते टाइम भी उनको मेरा पेपर ही याद आया, मैं नहीं. बरसी में इसीलिए नहीं बैठी. उनका फोटो तक मुझसे देखा नहीं जाता था."

वनमालाबाईंना वाटत होतं, आपण लेकीपासून फक्त बापाचं शेवटचं दर्शन हिरावलं. सबंध बापच हिरावून घेतला होता, हे त्यांना त्या बाकावर बसल्यावर कळलं. स्वतःची अब्रू राखायला म्हणून बोललेलं एक वाक्य, आणि त्यापायी त्या माणसावर त्याची पोरगी दोन वर्षं रागावून होती. त्यांना वर बघवेना.

"आखिरी में क्या कर रहे थे?" श्रावणीने विचारलं.

शांत झोपले, असं सांगता आलं असतं. यज्ञेश्वररावांनी सगळ्यांना तसंच सांगितलं होतं, आणि तेव्हा खाटेजवळ वनमालाबाईंशिवाय दुसरं कुणी नव्हतंच. खोटं ओठांवर आलंही होतं. वनमालाबाईंनी ते गिळलं.

"दाराकडे पाहून राहिले होते," त्या म्हणाल्या. "कोणी आलं की मान उचलत. सिस्टर आली तरी उचलत. साडेपाचले गेले."

श्रावणीने दोन्ही ग्लव्जमध्ये तोंड खुपसलं आणि ती मोठ्याने रडू लागली. "बाबा, बाबा" एवढंच कळत होतं. दोऱ्या थांबल्या, सगळे बघू लागले, सरांनी त्यांना पाठ फिरवायला लावली. लेकीला जवळ घ्यावं असं वनमालाबाईंना फार वाटलं. पण ज्याला ती हाका मारत होती त्याच्या आणि तिच्या मध्ये पुन्हा जायची त्यांना हिंमत झाली नाही. त्या हात मांडीवर ठेवून तिच्या शेजारी बसून राहिल्या.