शेपटीकडे जाणारी सळई

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या शेपटीकडे जाणाऱ्या बारीक सळईच्या टोकावर ऊन चमकत होतं. त्या टोकावरचे आटे मी पाडले होते. थेंबभर तेल सोडायचं, आटे पाडायची डाय सळईवर अर्धा फेरा पुढे न्यायची, थोडी मागे घ्यायची. घाई केली की आटे फाटतात. हे मला निखिलदादानेच शिकवलं, माझ्या मामेभावाने. मैदानावर सगळ्यांना तुझं नाव सांगेन, असंही म्हणाला होता.

"आटे काय सुरेख पडलेत रे! कुणी केले?" एका काकांनी विचारलं.

"मीच. आणखी कोण करणार, काका?" दादा म्हणाला.

"आणि ही?"

"ही आमची खानपान खात्याची मंत्री. पराठे आणते."

सगळे हसले. मीही हसले.

आट्यांवर फिरवून सळई शेपटीच्या चिमट्यात किती घट्ट बसलीय, ते बाहेरून कळत नाही. म्हणून उडवण्याआधी ती ओढून बघतात. माणसाला असं ओढून बघणं मला कधी सुचलंच नाही.

विमान ऐटीत वळलं, अलगद उतरलं. टाळ्या वाजल्या. तेव्हा दादाने माझ्याकडे बघून अंगठा उंचावला, पण रिमोटच्या आड, इतर कुणाला दिसणार नाही असा. त्याचं बोलणं मी विसरलेही असते; तो लपवलेला अंगठा नाही विसरता येत.