दुमडलेली केबल

जुन्नरमधल्या आमच्या बारा घरांच्या इमारतीत फोनची आणि इंटरनेटची फायबर लाइन आली, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. जोडणी करून कंपनीचा माणूस गेला आणि इमारतीत येणाऱ्या केबलचं भलंमोठं वेटोळं जिन्याखाली लोंबत राहिलं. मला असला गबाळेपणा खपत नाही.

तळमजल्यावरचे काका मूळचे पिंपरी पेंढारचे, सगळा जन्म शेतात गेलेला. ते म्हणाले, "थांबा भाऊ, मी करतो नीट." ठिबकच्या नळीचं टोक बंद करताना ती दुमडून बांधतात, तशी त्यांनी केबल चार ठिकाणी दुमडली आणि सुतळीने बांधली. काम देखणं झालं.

थोड्याच वेळात बाराही घरांचं इंटरनेट बंद पडलं. दोन दिवस मी कंपनीशी मोबाइलवरून भांडलो. तुमची माणसं थुकपट्टी लावून जातात, असंही सुनावलं.

तिसऱ्या दिवशी तोच माणूस आला आणि थेट जिन्याखाली वाकला. "साहेब, हिच्यात काच असते. तिच्यातून उजेड जातो. मोडली की संपलं. कुणी बांधली ही?"

"मी," काका सरळ म्हणाले. "पाणी अडवायची सवय हाताला. उजेडाचं मला काय ठावं?"

तो हसला. त्याने नवा जोड दिला, केबल सैल गोल गुंडाळली. काकांनी त्याला चहा पाजला.

सुतळी माझ्या घरातली होती. काका बांधत असताना "अजून आवळा" असं दोनदा मीच म्हणालो होतो. काकांनी ते त्याला सांगितलं नाही. मीही नाही.