रेजिनाबायच्या दारातली हाक

आमच्या ख्रिस्ती धर्मग्रामात सकाळी देवळात मिस्सेच्या प्रार्थनेला जाताना रेजिनाबायच्या दारात हाक द्यायची रीत आहे. गुडघ्यांनी तिला कधीचं घरात बसवलंय. ती येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी जी जाते ती ओरडतेच, "रेजिनाबाय, येतेस का गं?" आणि आतून ठसक्यात उत्तर येतं, "तुम्ही व्हा पुढं, मी देवाला इथंच चहाला बोलावलंय!"

आज उत्तर आलं नाही.

आभाळ काळंभोर होऊन माडांवर टेकलं होतं. तिच्या कोंबड्यासुद्धा खुराड्यात गप्प बसलेल्या. मी पुन्हा हाक दिली. मागून आलेली सुसान म्हणाली, "झोपली असेल गं, चल, उशीर होतोय." पण माझे पाय काही हलेनात. मनात आलं, रोज आपण ही थट्टा म्हणून करत आलो, आणि देवानं त्या थट्टेतच हिच्या श्वासाची राखण ठेवली होती की काय? फादर वेदीवरून जिला कृपा म्हणतात, ती अशी दारापाशी उभी असेल, हे मेलं कधी सुचलंच नव्हतं.

आणखी एकदा ओरडले, तेव्हा आवाज आला. "व्हा... पुढं..."

पण तो नेहमीसारखा खिडकीतून आला नाही. दाराखालच्या फटीतून, जमिनीलगत आला.

देवळात मिस्सेची घंटा झाली. आम्ही दोघी दाराला खांदा लावून ढकलत होतो. आत पुन्हा सगळं शांत झालं होतं. मी हाक देणं थांबवलं नाही.