पाणी वाटेत आहे

वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपातून मी खडवलीच्या पंपहाऊसवर मोटारी दुरुस्त करायला जातो, तेव्हा तिथले ऑपरेटर भेटतात. मी त्यांना मामा म्हणतो. आल्या आल्या ते मोटारीला तळहात लावून बघतात, ताप आलेल्या पोराला लावावा तसा. फोन सारखा वाजत असतो. पाणी कधी येणार, असं कोणीही विचारलं की मामांचं उत्तर ठरलेलं, "वाटेत आहे." या उत्तराची मला भयंकर चीड यायची. डोंबिवलीत माझ्या नळालाही तेच पाणी येतं.

परवा सकाळपासून वीज गेलेली. भर दुपारी आली, तसा मी ओरडलो, "मामा, दाबा बटण!"

"थांब रे जरा." बटणाजवळ हात ठेवून ते खिडकीतून नदीपलीकडचे भाजीचे मळे बघत होते. "त्यांचे पंप विजेच्या याच लाईनवर आहेत. आपली मोठी मोटार आधी घेतली की व्होल्टेज पडतं, मग त्यांचे उचलतच नाहीत. एकदा फिरायला लागले की तग धरतात. भेंडी बघ, कशी माना टाकून उभी आहे."

तेवढ्यात फोन वाजला. मामांनी स्पीकरवर टाकला. डोंबिवलीहून मामी बोलत होत्या.

"अहो, टाकीत थेंब नाही. भांडी सकाळपासून तशीच पडलीत. सोडलंत का पाणी?"

पलीकडच्या मळ्यातल्या पाइपातून अजून काहीच पडत नव्हतं. मामांनी बटणाजवळचा हात काढून खिशात घातला.

"वाटेत आहे गं," ते म्हणाले.