सतरा बाळंतपणांची राणी

इंग्लंडच्या राजांची नावे आमच्या वर्गात टिकली नाहीत. एका नावाचे आठ राजे, दुसऱ्या नावाचे सहा. कोणता कोण हे कुणाच्या ध्यानात राहीना. मग सहा बायकांचा, मुंडके उडवलेला, डोके फिरलेला अशी ओळख पडली आणि तीच पक्की झाली. गावात एका आडनावाची चाळीस घरे असली की असेच होते.

वर्ग दर रविवारी सकाळी बारामतीजवळच्या जळोचीत, एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. पुण्यातली वृत्तपत्राची नोकरी संपवून बारामतीला परतल्यावर मी तो सुरू केला. प्रौढांना इंग्रजी बोलायला शिकवणे एवढाच हेतू होता. सुरुवातीला नेहमीचे विषय दिले: माझा दिवस, माझा छंद, आवडता सण. सगळ्यांचा छंद वाचन निघाला. कुणी कुणाला काही विचारत नव्हते.

एकदा टेबलावर इंग्लंडच्या राजांच्या चित्रांचे पुस्तक पडले होते. जळोचीचेच एक बागायतदार, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते पाने उलटू लागले. त्यांचा नातू इंग्लंडमध्ये वाढत होता आणि त्याला मराठी येत नव्हते, म्हणून ते सत्तरीत इंग्रजी शिकत होते. एका चित्रावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "ह्येच्या मागं गादी कुणाला?" त्या एका प्रश्नावर वर्ग सुटेपर्यंत सगळे बोलत राहिले.

पुढच्या रविवारपासून प्रत्येकाला एक राजा किंवा राणी वाटून दिली. रीत पत्रकार परिषदेची ठेवली. राजाने खुर्चीत बसून इंग्रजीत आपली हकीकत सांगायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. लढायांबद्दल फारसे कुणी विचारले नाही. जमीन कुणाला गेली, भाऊ काय म्हणाले, मुलीचा हिस्सा किती, असे प्रश्न येत. दत्तकाचा प्रश्न तर दर वेळी निघे. वारस नाही म्हणून देश पणाला लावायचा आणि दत्तक मात्र घ्यायचा नाही, हे कुणाला पटेना. तिकडे गादी रक्ताच्या नात्यानेच जाते, असे मी वाचून सांगितले. आबांनी ते व्यवहारशून्य ठरवले. कापडाचे दुकान चालवणारे चाचा त्यांना म्हणाले, "आबा, तुमचा चुलतभावाशी बांधावरून दावा चाललाय. आधी तो मिटवा, मग इंग्लंडची वाटणी करा."

वर्गात निमगाव केतकीची एक परिचारिका यायची. बारामतीच्या एका खासगी रुग्णालयात ती प्रसूती विभागात होती. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाने तिला नोकरी देऊ केली होती. त्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेतले वाचणे, लिहिणे, ऐकणे तिने पार केले होते; बोलण्यात ती दोनदा नापास झाली होती. रुग्णालय आणखी एका प्रयत्नापर्यंत थांबणार होते. नवऱ्याचे इंदापुरात गॅरेज होते. ती गेल्यावर पाच वर्षांची मुलगी सासूजवळ राहणार, असे घरात ठरलेले होते. अडले होते ते बोलण्यावरच.

का अडले होते, ते वर्गात सगळ्यांना ऐकू येई. ती उत्तरे पाठ करायची. प्रश्न थोडा बदलला तर पाठ केलेल्यातले सर्वांत जवळचे उत्तर ती देई, भिंतीकडे बघत, एका सुरात.

परीक्षेच्या आदल्या रविवारी तिच्या वाट्याला आलेली राणी तीनशे वर्षांपूर्वीची होती. सतरा गर्भारपणे. बहुतेक मुले पोटातच गेली किंवा मृत जन्मली. काही दोन वर्षांची होण्याआधीच गेली. एक मुलगा वाढला, तोही अकराव्या वर्षी गेला. राज्याभिषेकाला राणीला चालवत नव्हते, खुर्चीत बसवून न्यावे लागले.

आठवडाभर आधी मी लिहिलेले हे टिपण हातात पडताच तिने विचारले, "सर, तिचा ब्लडग्रुप काय होता?"

रक्तगट तेव्हा कुणाला माहीत नव्हते, असे मी सांगितले.

"निगेटिव्ह असंल. आईचं निगेटिव्ह न् बाळाचं पॉझिटिव्ह असलं की पहिलं नीट होतं, पुढची जात्यात."

पहिली मुलगीही मृतच जन्मली होती, हे मी दाखवले. तिने टिपण पुन्हा वाचले. "मग ते न्हवं," ती म्हणाली. "दुसरं कायतरी हाय."

रविवारी ती खुर्चीत बसली आणि टिपण जसेच्या तसे म्हणून दाखवले. चाचांनी राणीच्या नवऱ्याबद्दल विचारले, त्याचे उत्तर टिपणात होते. मग आबांनी विचारले. त्यांचे इंग्रजी मोडके होते, प्रश्न मोडका नव्हता: सतरा वेळा, मध्येच थांबली का नाहीस?

चाचा हळूच मराठीत म्हणाले, "आबा, बाईमाणसाला काय विचारता?"

"पत्रकार परिषद हाय," आबा म्हणाले. "इचारायचंच."

मग ती इंग्रजीत बोलू लागली, अडखळत, काळ चुकवत. तिच्या म्हणण्याचा अर्थ असा होता: "थांबणं माझ्या हातात नव्हतं. दर वेळी सगळे म्हणायचे, पुढच्या वेळी होईल. नवरा चांगला होता, पण तोही तेच म्हणायचा. मी बाईला विचारते, तुला काय पाहिजे? ती नवऱ्याकडे बघते. नवरा त्याच्या आईकडे बघतो." इथे राणी कधी संपली आणि वॉर्ड कधी सुरू झाला, ते कुणी तोडून पाहिले नाही. आबांनी वाढलेल्या मुलाबद्दल विचारले. "तो गेला, मग मला राणी केलं," ती म्हणाली. "आता राणी होऊन काय करायचं, ते मला कळत नव्हतं."

वर्ग सुटल्यावर मी तिला परीक्षेत असेच बोलायला सांगितले.

"असं म्हंजे कसं, सर? चुकत चुकत?"

मी हो म्हणालो.

निकाल आला. बोलण्यात तिला हवे तेवढे गुण होते. रविवारी तिने पेढे आणले. आबांनी लगेच तिला खुर्चीत बसवले आणि इंग्रजीत विचारले, मुलीला कोण सांभाळणार? तिने उत्तर मराठीत दिले, "सासूबाई हायत की," आणि खुर्चीतून उठली.

जिना उतरताना ती थांबली. "सर, त्या राणीचं जे एक पोरगं जगलं, ते कुणी सांभाळलं?"

घरी जाऊन शोधले आणि संध्याकाळी तिला फोन केला. शहरातली हवा मुलाला सोसत नव्हती, म्हणून त्याला बाहेर चांगल्या हवेत वेगळे घर करून दिले होते. दाया, नोकर सगळे होते. आई भेटायला जायची.

"किती लांब?"

जवळच, मी म्हणालो. घोडागाडीने जाऊन दिवसात परत येण्याइतके.

मागे तिची मुलगी कुणाशी तरी भांडत होती.

"मग तिचं बरं होतं," ती म्हणाली. "आणि ती भेटायला गेल्यावर ते पोरगं वळखायचं का तिला? का दायीलाच आई म्हणायचं?"

मी वाचले त्यात तसे काही नव्हते. शोधतो, असे सांगितले.

"शोधा," ती म्हणाली. "मी जायच्या आत सांगा."