उद्घाटनाचा शनिवार

याव न्यार्को मेलेल्यांचे फलक छापतो. आमच्या कुमासी शहरात, सुआमेच्या चौकात, माझ्या भात-चवळीच्या टपरीला लागूनच त्याचं दुकान आहे. तीस वर्षं आमची भिंत एक आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल मी जे सांगते ते ऐकीव नाही.

मथळे त्याच्याकडे तीनच. सत्तरी ओलांडलेल्याला पांढऱ्यावर ‘कृतार्थ आयुष्य’, साठीच्या आसपासच्याला ‘देवाची हाक’, आणि तरण्याताठ्याला लाल-काळ्या रंगात ‘केवढा हा धक्का!’ एका हाताने माझी भात-चवळी खात दुसऱ्या हाताने तो हा धक्का संगणकावर चिकटवायचा. मी चिडवायचे, की बाबा रे, इतक्यांना धक्के वाटतोस, तुला कधी बसतो की नाही? तो म्हणायचा, “ताई, आचाऱ्याला भूक लागत नसते.”

दोन वर्षांपूर्वी आमच्यासमोर डॉक्टर बोआडीबाईंनी खासगी इस्पितळ बांधायला काढलं. बाई परदेशात वाढलेल्या, पण आजोळ इथलंच. शहर फुगत चाललेलं, सरकारी इस्पितळात बाकांवर माणसं निजलेली, आणि कुणालाही घेऊन जा, दारातच ऐकायचं, ‘खाट नाही’. बाईंनी बावीस खाटा आणल्या. बाळंतपणाची खोली तर त्यांनी सगळ्यांत आधी सजवली. लोक न्यार्कोला म्हणू लागले, की आता तुझा धंदा बसणार. तो हसायचा. मनातून तो खूश होता, कारण त्याच्या लेकीला, अफुआला दिवस गेले होते आणि इस्पितळ दुकानापासून चाळीस पावलांवर.

उद्घाटनाच्या पत्रिका न्यार्कोनेच छापायच्या होत्या. बाई तारीख घेऊन आल्या आणि याने कपाळाला हात लावला. त्याच शनिवारी आमच्या वस्तीच्या नानांची मयत होती. नाना म्हणजे आमचे प्रमुख, नव्वदीचे. त्यांचे पाचशे फलक यानेच छापलेले.

“बाई, त्या दिवशी तुमच्याकडे कुत्रंही फिरकणार नाही,” तो म्हणाला. “सगळं गाव नानांकडे. तीन आठवडे थांबा. इस्पितळ कुठे पळून जातंय?”

मीही मान डोलावली होती, ते लपवत नाही. आमच्याकडे देह काही आठवडे बर्फात ठेवून मयत थाटाने शनिवारी करतात, आणि मयतीशी बरोबरी कोणी करत नाही. बाईंनी ऐकलं. डॉक्टर, नर्सा उद्घाटनाच्या दिवशी रुजू व्हायच्या होत्या, त्यांनाही तीन आठवडे उशिरा या म्हणून कळवलं गेलं.

नानांच्या मयतीनंतरच्या गुरुवारी, भर दुपारी, अफुआ बापाला जेवण घेऊन आली. डबा ठेवला, डोकं धरलं आणि खाली कोसळली, तिला झटके येऊ लागले. आठवा महिना होता. न्यार्कोने तिला उचललं आणि सरळ समोर धावला. मी मागून. रखवालदाराने एका शब्दाने अडवलं नाही, फाटक उघडलं, दिवे लावले, गार हवा सुरू केली. आम्ही तिला बाळंतपणाच्या खोलीत पहिल्या खाटेवर ठेवलं. गादीवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. आणि आत एक माणूस नाही. डॉक्टरीणबाई राजधानीला, अक्रात. सगळं चकचकीत, सगळं तयार, आणि हात लावायला कोणी नाही. आयुष्यात इतकी हबकले नव्हते मी. न्यार्को एकेक दार उघडून हाका मारत सुटला, रिकाम्या खोल्यांना.

मग टॅक्सी, मग सरकारी इस्पितळ, मग ‘खाट नाही’. तिथल्या नर्सांनी जिवाचं रान केलं, बाकावर केलं. पोटातली मुलगी वाचली. अफुआ गेली. वय चोवीस.

चार दिवस न्यार्को संगणकासमोर बसून होता. फोटो लावला, नाव लिहिलं, वर मथळ्याची जागा कोरी. शेवटी मीच म्हटलं, की लिही बाबा काहीतरी. तो म्हणाला, “ताई, ‘धक्का’ हा शब्द मी हजार वेळा छापला. मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.”

आमच्यात लेकरू आईच्या घराण्याचं, तेव्हा मयतीचा शब्द मामाचा. अफुआचे मामा क्वासी ओफोरी यांनी बैठकीत शनिवार ठरवला आणि नेमका तोच निघाला, उद्घाटनाचा. वडीलधारी मंडळी निरोप घेऊन बोआडीबाईंकडे निघाली, की उद्घाटन पुढे ढकला. बापाने अशा बैठकीत बोलायचं नसतं. न्यार्को उठला.

“नाही ढकलायचं,” तो म्हणाला. “एका मयतीसाठी एकदा ढकललं. तो सल्ला माझा होता.”

 मामा रागाने उभे राहिले, पण तसेच खाली बसले. म्हणाले, की मग आधी इस्पितळ, मग माती.

फलकावर तसंच छापलं गेलं. अफुआचा फोटो, वर लाल-काळ्यात ‘केवढा हा धक्का!’, आणि खाली, ‘सकाळी नऊला समोरच्या इस्पितळाचं उद्घाटन, त्यानंतर अंत्यविधी’. असा फलक कुमासीने पाहिला नसेल.

शनिवारी आम्ही सगळे सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांत इस्पितळात शिरलो. शुभकार्याला असे कपडे घालून जाणं म्हणजे अपशकुन, तरी गेलो.  बोआडीबाईंनी फीत कापली. भाषण झालंच नाही, कारण वस्तीतली एक बाई त्याच वेळी कळा देत दारात आली.

नर्स पहिल्या खाटेकडे धावली. न्यार्को तिच्या आधी पोचला होता. गादीच्या कडेला, जिथे अफुआने मूठ आवळली होती, तिथे प्लास्टिकला तिच्या नखांची पाच भोकं होती. त्याने ते प्लास्टिक ओढून काढलं, घडी करून काखेत धरलं आणि बाजूला झाला.

“निजवा,” तो म्हणाला. “खाट आहे.”